रेवस ते रेडी : भरती-ओहोटीच्या वेळापत्रकाने करायची वन्यजीव सफर

कोकणात गाडीने जायचं म्हटलं की बहुतेक जण मुंबई–गोवा महामार्ग धरतात. तो वेगाने नेतो, पण समुद्र दाखवत नाही. समुद्र बघायचा तर त्याच्या पश्चिमेचा सागरी मार्ग धरावा. रायगडमधल्या रेवसपासून सिंधुदुर्गातल्या रेडीपर्यंत सुमारे ५०० किलोमीटरचा हा रस्ता खाड्या, घाट्या, सडे आणि माडांच्या वाड्या ओलांडत जातो. याच्या कडेला शेकरू, गिधाडं, समुद्री कासवं, डॉल्फिन, मगरी आणि प्रवाळ हे सगळं एकाच प्रवासात भेटू शकतं. त्यासाठी एक पथ्य आहे : वेळापत्रक आपल्या सुट्टीचं नव्हे, पाण्याचं आणि प्राण्यांचं पाळायचं.

मार्ग एका नजरेत

या सागरी महामार्गाची कल्पना बॅ. अ. र. अंतुले मुख्यमंत्री असताना, १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला मांडली गेली. रस्ता टप्प्याटप्प्याने झाला, पण मोठ्या खाड्यांपाशी तो अजूनही पाण्यात थांबतो. तिथे गाडीसकट फेरीबोटीत चढायचं. कोकणात तिला सर्रास ‘जंगलजेटी’ म्हणतात. मुख्य फेऱ्या चार : आगरदांडा–दिघी, बागमांडला–वेश्वी, दाभोळ–धोपावे आणि तवसाळ–जयगड. मुंबईहून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्यापर्यंतही २०२० पासून रो-रो बोटीने गाडी नेता येते.

अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन, वेळास, हर्णे, दाभोळ, गुहागर, गणपतीपुळे, रत्नागिरी, पूर्णगड, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला, रेडी असा क्रम धरला तर रस्ता चुकत नाही. हा पल्ला तीन दिवसांत उरकता येतो, पण त्यात फक्त रस्ताच बघून होतो. आठवडाभर तरी हाताशी ठेवावा. तेवढा नसेल तर निम्माच मार्ग निवडावा आणि तो नीट बघावा.

कधी निघावं

कासवाच्या माद्या साधारण नोव्हेंबर ते मार्च अंडी घालतात आणि पिल्लं मुख्यतः फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये बाहेर येतात. मालवणचं पाणी नोव्हेंबर ते फेब्रुवारी जास्त नितळ असतं. मगरी थंडीत उन्हं खात काठावर पडून राहतात आणि गिधाडांची वीणही हिवाळ्यातच असते. या सगळ्याचा मेळ बसतो तो फेब्रुवारीच्या उत्तरार्धात. फाल्गुन पौर्णिमेच्या आसपास शिमगा असतो. चाकरमानी गावी येतात, पालख्या घरोघर फिरतात आणि राहायच्या जागा भरून जातात. शिमगा बघायचा असेल तर मुक्काम खूप आधी ठरवावा. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो आणि जलक्रीडा बंद असतात.

पाऊणपटीचं गणित

किनाऱ्यावरच्या लोकांचा जुना हिशोब प्रवाशाने शिकून घ्यावा असा आहे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची साधारण वेळ निघते. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे पहाटे आणि दुपारी तीनच्या सुमारास पूर्ण भरती. त्यानंतर सुमारे सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. अष्टमीला भरती सकाळ-संध्याकाळी सहाला येते आणि दुपारी बाराला पाणी उतरलेलं असतं. हिशोब अंदाजाचा आहे, थोडा मागेपुढे होतो. पण दिवसाची आखणी करायला पुरतो.

पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास उधाण येतं, तेव्हा पाणी खूप चढतं आणि तेवढंच खाली उतरतं. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, तेव्हा चढ-उतार कमी. मगरी बघायला ओहोटी लागते, कांदळवनात होडी घालायला भरती. म्हणून निघण्याआधी दिनदर्शिका समोर ठेवून कुठल्या तिथीला आपण कुठे असू, हे मांडून बघावं.

फणसाड आणि चिरगाव : जंगल आणि गिधाडं

मुरूडच्या उत्तरेला फणसाड अभयारण्य आहे. जंजिऱ्याच्या नवाबांचं हे शिकारीचं राखीव जंगल १९८६ मध्ये अभयारण्य झालं. क्षेत्र सुमारे ५४ चौरस किलोमीटर. समुद्राच्या इतक्या जवळ इतकं दाट रान आपल्या किनाऱ्यावर क्वचितच उरलं आहे. इथल्या पाणवठ्यांना ‘गाण’ म्हणतात. भल्या सकाळी सुपेगावकडून आत शिरून एखाद्या गाणीजवळ गप्प बसलं, तर सांबर किंवा भेकर पाण्यावर येताना दिसू शकतं. शेकरू, म्हणजे आपला राज्यप्राणी, आधी ऐकू येतो. उंचावरून खडखडल्यासारखा आवाज आला की फांद्यांच्या बेचक्यात त्याचं काटक्यापानांचं गोल घरटं शोधावं.

दिघीला उतरल्यावर म्हसळ्याकडे वळलं की चिरगाव लागतं. इथल्या उंच झाडांवर पांढऱ्या पुठ्ठ्याची गिधाडं घरटी करतात. भारतात या जातीची संख्या काही दशकांतच ९९ टक्क्यांहून जास्त घटली. कारण होतं गुरांना वेदनाशामक म्हणून दिलं जाणारं डायक्लोफेनॅक. ते औषध दिलेलं मेलेलं जनावर खाल्लं की गिधाडाची मूत्रपिंडं निकामी होत. २००६ मध्ये जनावरांसाठी या औषधावर बंदी आली. चिरगावात महाडच्या ‘सिस्केप’ संस्थेने गावाला सोबत घेऊन घरट्यांची झाडं राखली आणि मेलेली गुरं गिधाडांसाठी ठरावीक जागी टाकण्याची व्यवस्था लावली. आपल्याकडच्या अशा जागा, म्हणजे ढोरटाक्या, बंद होत गेल्या आणि गिधाडांचं ताट हिरावलं गेलं, हे इथे आल्यावर नीट कळतं. विणीच्या दिवसांत घरट्याच्या झाडाखाली जाऊ नये. लांबून दुर्बिणीने बघावं आणि सोबत गावातला माणूस घ्यावा.

वेळास आणि आंजर्ले : कासवांची पिल्लं

वेश्वीला उतरून बाणकोटमार्गे वेळासला पोचता येतं. हे नाना फडणवीसांचं मूळ गाव. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने भाऊ काटदरे यांच्या पुढाकाराने २००२ च्या सुमारास इथे कासव संवर्धन सुरू केलं. ऑलिव्ह रिडले जातीची मादी रात्री किनाऱ्यावर येते, मागच्या वल्ह्यांनी खड्डा करते, शंभराच्या आसपास अंडी घालते, वाळू दाबते आणि समुद्रात परत जाते. पुढचं काम ऊन आणि वाळू करते. वाळू जास्त उबदार असेल तर पिल्लं माद्या निघतात, कमी उबदार असेल तर नर.

अंड्यांवर कोल्हे आणि कुत्री टपलेली असतात, आणि पूर्वी माणसंही नेत. म्हणून कासवमित्र पहाटे मादीच्या पावलांचा माग काढतात, घरटं शोधतात आणि अंडी कुंपणातल्या सुरक्षित जागेत तेवढ्याच खोल खड्ड्यात हलवतात. साधारण ४५ ते ६० दिवसांनी प्रत्येक खड्ड्यावर पालथी घातलेली टोपली सकाळ-संध्याकाळ उचलून बघितली जाते. खाली वाळू किंचित खचलेली असली तर पिल्लं वर येत आहेत असं समजायचं. मग राखाडी काळी, काड्यापेटीएवढी पिल्लं लाटेपासून थोडी अलीकडे ठेवतात. पाण्यात कुणी सोडत नाही. ते अंतर त्यांनी स्वतः चालायचं असतं. एखादं पिल्लू उलटं वळतं, थांबतं, वल्ही आपटतं आणि पुन्हा समुद्राकडे निघतं. लाट त्याला दोनदा मागे फेकते, तिसऱ्यांदा घेऊन जाते.

या कासवांबद्दल नवं कळतं आहे ते याच किनाऱ्यावरून. २०२२ मध्ये पश्चिम किनाऱ्यावरच्या पाच माद्यांना उपग्रह टॅग लावले गेले. वेळासहून सोडलेल्या पहिलीचं नाव ‘प्रथमा’. ओडिशात २०२१ मध्ये टॅग लावलेली एक मादी जानेवारी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालताना सापडली. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्याची कासवं वेगळी, या समजुतीला त्या एका मादीने धक्का दिला.

पिल्लं कुठल्या दिवशी निघतील याची खात्री कुणीच देऊ शकत नाही. म्हणून इथे निदान एक मुक्काम करावा. एक संध्याकाळ आणि एक सकाळ मिळाली तर शक्यता वाढते. वेळासला नाही दिसली तर पुढे आंजर्ल्याला पुन्हा संधी आहे.

हर्णे ते हेदवी : डॉल्फिन, मगरी आणि बामणघळ

हर्णे, दापोलीजवळचं मुरूड आणि कर्दे परिसरात सकाळी होड्या डॉल्फिन दाखवायला नेतात. दिसतात ते बहुधा कुबड असलेले डॉल्फिन. त्यांना किनाऱ्याजवळचं उथळ पाणी आवडतं. होडीवाल्याला आधीच सांगावं : पाठलाग नको, इंजिन हळू ठेवा. कळप आपण होऊन जवळ आला तर जास्त वेळ दिसतो.

दाभोळची खाडी म्हणजे वाशिष्ठीचं मुख. तिच्या वरच्या अंगाला, चिपळूणच्या बाजूच्या मालदोलीत होडीतून मगरी बघता येतात. ओहोटीला चिखलाचे काठ उघडे पडले की त्या तिथे ऊन खायला येतात. अष्टमीच्या आसपासची दुपार म्हणूनच इथे सोयीची. हात पाण्याबाहेर ठेवावेत आणि काठावर उतरायचा हट्ट धरू नये.

धोपाव्याहून गुहागर आणि पुढे हेदवी. इथल्या बामणघळीत खडकाच्या अरुंद चिरेतून भरतीचं पाणी आत घुसतं आणि शेवटी कोंडून उंच उसळतं. ती पूर्ण भरतीला बघावी, आणि लांबूनच. तिथले खडक शेवाळाने निसरडे असतात.

रत्नागिरीचे सडे : दगडावरचे प्राणी

जयगड ओलांडल्यावर आरे-वारेचा रस्ता समुद्राच्या कडेने जातो. पण इथे किनाऱ्यावरून नजर काढून वरच्या जांभ्याच्या सड्यांकडे, म्हणजे पठारांकडे वळावं. कशेळी, बारसू, देवीहसोळ, उक्षी अशा गावांच्या सड्यांवर कातळशिल्पं कोरलेली आहेत. २०२२ मध्ये ती युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत गेली. कशेळीच्या भल्यामोठ्या हत्तीच्या रेषेत इतर प्राणी-पक्षी कोरले आहेत. आज कोकणात नसलेले गेंड्यासारखे प्राणीही अभ्यासकांना या शिल्पांत दिसले आहेत. या भूमीवर पूर्वी कोण वावरत होतं, त्याची ही नोंदच आहे. सकाळी किंवा संध्याकाळी तिरप्या उन्हात रेषा उठून दिसतात. चपला काढून बाजूनेच फिरावं. सडा म्हणजे ओसाड जमीन नव्हे. पावसाळ्यात इथे रानफुलांचे गालिचे असतात.

मालवण : पाण्याखालचं अभयारण्य

मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ मध्ये जाहीर झालं. क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या खडकांवर प्रवाळ आहेत. नवख्या माणसालाही प्रशिक्षकाचा हात धरून इथे स्कूबा करता येतं. पोहता येण्याची अटही बहुतेक ठिकाणी नसते. दम्याचा किंवा कानाचा त्रास असेल, सर्दी झाली असेल, तर मात्र उतरू नये. खाली जाताना कानात दडे बसतात. ते नाक दाबून फुंकून मोकळे करायचे, ही गोष्ट पाण्यात जाण्याआधी नीट शिकून घ्यावी. प्रवाळ दगडासारखा दिसला तरी तो जिवंत प्राण्यांचा समूह आहे. त्यावर पाय ठेवला तर वर्षानुवर्षांची वाढ मोडते. माशांना पाव टाकणाऱ्या होडीवाल्याला नम्रपणे नको म्हणावं.

सकाळी किनाऱ्यावर रापण ओढली जात असेल तर थांबून बघावी. दोन्ही बाजूंनी माणसं दोर खेचतात, जाळं हळूहळू जवळ येतं आणि मासळीचे वाटे पडतात. कधी जाळ्यात कासव अडकतं. संरक्षित प्राणी सोडवताना जाळं कापावं लागलं तर मच्छीमाराला २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देण्याची राज्याची योजना आहे. कासव वाचवायचं तर मच्छीमाराचं नुकसान कुणीतरी भरून द्यायला हवं, हे मान्य करणारी ही योजना मला मोलाची वाटते.

वेंगुर्ला : कांदळवनात भरतीबरोबर

वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या महिला होडीतून कांदळवन दाखवतात. भरतीच्या वेळी होडी झाडांच्या मुळांपर्यंत जाते. चिखलात हवा नसते, म्हणून काही झाडं श्वास घ्यायला मुळं वर काढतात. चिपीची मुळं चिखलातून टोकदार उभी राहिलेली दिसतात. पांढरी चिपी हा २०२० पासून महाराष्ट्राचा राज्य कांदळवन वृक्ष आहे. याच मुळांच्या आडोशाला मासे आणि कोळंबीची पिल्लं वाढतात. जवळच्या वायंगणीतही कासवांची घरटी राखली जातात. तिथून शिरोड्यामार्गे रेडी गाठली की मार्ग पुरा होतो.

गाडी, फेरी, मुक्काम

- रस्ता अरुंद आणि वळणांचा आहे. ताशी ३० किलोमीटर धरूनच आखणी करावी आणि अंधारात घाटी टाळावी.
- शेवटची फेरी किती वाजता सुटते हे आदल्या दिवशी विचारावं. दाभोळची फेरी चुकली तर खेड-चिपळूणवरून मोठा वळसा पडतो.
- मोठ्या गावात पेट्रोल भरून घ्यावं, थोडी रोख रक्कम जवळ असू द्यावी.
- गाडी वाळूत घालू नये. ती रुतते हे झालंच. पण चाकाखाली कासवाचं घरटं किंवा खेकड्यांची बिळं असतात.
- कासवांच्या किनाऱ्यावर रात्री विजेरी, फ्लॅश आणि गाडीचे दिवे बंद ठेवावेत. पिल्लं उजेडाच्या दिशेने वळतात.
- अनोळखी किनाऱ्यावर पोहण्याआधी गावकऱ्यांना विचारावं आणि ओहोटी लागलेली असताना खोल पाण्यात जाऊ नये.

पैसा कुठे खर्च करावा

वेळासमध्ये पर्यटक गावकऱ्यांच्या घरी राहतात, पानात वाढलेलं जेवतात आणि त्याचे पैसे त्या घराला मिळतात. वेंगुर्ल्यात होडीचं भाडं बचत गटात जमा होतं. या गावांना कासव आणि कांदळवन जपण्यात आपला फायदा दिसू लागला, म्हणून तिथलं काम टिकलं. खाड्यांवर पुलांची कामं हाती घेतली गेली आहेत. पूल झाले की इथल्या लोकांची मोठी गैरसोय दूर होईल, आणि ती व्हायलाच हवी. पण त्याबरोबर गाड्या वाढतील, किनाऱ्यावर बांधकामं वाढतील. अशा वेळी आपण कुठे राहतो, कुणाची होडी घेतो आणि कुणाच्या हातचं जेवतो यावर बरंच ठरणार आहे. वन्यजीव बघायला निघालेल्या प्रवाशाने मुक्काम अशाच गावात करावा, जिथे ते वन्यजीव राखणारी माणसं राहतात.