कोराल आधीच होता का?

मागच्या व्याख्यानानंतर एकाने विचारलं, "सर, ऑर्गन म्हणजे बालगंधर्वांच्या नाटकातली पायपेटीच ना?" नातं आहे, पण लांबचं. पायपेटीत हवेने पितळी रीड थरथरते. चर्चच्या मोठ्या ऑर्गनमध्ये हवा शेकडो नळ्यांतून जाते. एक गोष्ट मात्र दोन्हीकडे सारखी: बोट उचलेपर्यंत स्वर विरत नाही. तंबोऱ्याची तार छेडली की लगेच विरायला लागते, इथे तसं नाही.

सेझार फ्रांक यांनी दोन्ही वाद्यांसाठी लिहिलं. पॅरिसच्या सेंट-क्लोटिल्ड चर्चमध्ये काव्हाये-कोल यांनी बांधलेला ऑर्गन ते तीस वर्षं वाजवत होते. 1890 च्या उन्हाळ्यात, वयाच्या 67 व्या वर्षी, त्यांनी ऑर्गनसाठी तीन 'कोराल' लिहिले. त्याच सुमारास हार्मोनियमसाठी छोट्या रचनाही चालू होत्या, त्या अपुऱ्या राहिल्या. 8 नोव्हेंबरला ते गेले.

आज फक्त पहिला कोराल घेऊ, ई मेजरमधला. साधारण पंधरा मिनिटांचा. कोराल म्हणजे मुळात चर्चमध्ये सगळ्यांनी मिळून गायची संथ, साधी चाल. अशी चाल आधी मांडायची आणि मग खुलवायची, ही रीत. आपल्या ख्यालातही मुखडा आधी येतो, विस्तार मागून. इथे उलट आहे. सुरुवातीला एकामागून एक ओळी येतात, आपण पहिलीलाच मुख्य चाल समजून बसतो. मग बदल, वळणं, मधेच वादळ. शेवटी पूर्ण ऑर्गन उघडतो आणि एक चाल भरभरून येते. कोराल म्हणतात तो हा! त्यांचे शिष्य व्हँसाँ द'अँदी यांनी सांगून ठेवलंय की फ्रांक स्वतःच म्हणत, खरा कोराल तो नव्हेच, तो वाजता वाजता घडत जातो.

आता माझी अडचण ऐका. मी आयुष्यभर वर्गात सांख्यांचा सत्कार्यवाद शिकवला: तेल तिळात आधीच असतं, घाण्यात फक्त प्रकट होतं. नैयायिक म्हणतात, नाही, घट मातीत नव्हता, तो नव्याने झाला. फ्रांक यांचं म्हणणं वाचलं तेव्हा वाटलं, हे तर नैयायिक निघाले. मग स्वरलिपी उघडली. ती शेवटची चाल सुरुवातीच्या त्या ओळींतच आहे की! सगळ्यांत शेवटी, अगदी हळू आवाजात. मी कितीदा तरी ऐकूनही ती मला ऐकू आली नव्हती.

म्हणजे सांख्य जिंकले? मला तसं म्हणवत नाही. स्वर तिथे होते, हे कबूल. पण ते कोराल होते का? मधली दहा-बारा मिनिटं काढून टाका आणि फक्त शेवट वाजवा. स्वर तेच, पण नुसता मोठा आवाज होतो. घाणा काढून टाकला तरी तेल हे तेलच असतं, इथे तसं होत नाही. तिळाचं उदाहरण मी इतकी वर्षं जरा जास्तच भरवशाने दिलं, असं आता वाटतं.

चला, ऐकू या. पहिली तीन मिनिटं नीट कान द्या, आणि ती ओळ आली असं वाटलं की हात वर करा.