छोट्या प्रजाजनांचं युद्ध

एप्रिल 1941 मध्ये जपानमधल्या प्राथमिक शाळांचं नाव बदललं. त्या ‘कोकुमिन गाक्को’ झाल्या, म्हणजे राष्ट्राच्या प्रजाजनांच्या शाळा. चीनशी युद्ध सुरू होऊन चार वर्षं होत आली होती. अमेरिकेशी व्हायला अजून आठ महिने होते. शाळकरी पोरांना बिरुद मिळालं ‘शोकोकुमिन’, छोटे प्रजाजन. ऐकायला लाडिक, पण सरकारच्या मनात लाड नव्हता. मोठी माणसं आघाडीवर आणि कारखान्यात गेली, तेव्हा घर, गल्ली आणि शाळा मुलांनी लढवायची, असा हा हिशेब होता.

सुरुवात ताटापासून झाली. त्याच महिन्यात टोकियो, ओसाका अशा सहा मोठ्या शहरांत तांदूळ रेशनवर गेला. प्रौढ माणसाला दिवसाला सुमारे 330 ग्रॅम. भाजी-आमटीच्या जोडीने जेवणाऱ्या आपल्याला हा आकडा बरा वाटेल. तिथे भात हेच जेवण होतं, आणि पुढे त्या तांदळाऐवजी रताळी आणि सोयाबीन देऊन वजन भरून काढू लागले. त्याआधी, 1939 पासून, महिन्याच्या पहिल्या तारखेला डब्यात पांढरा भात आणि मधोमध एक उमेबोशी, म्हणजे खारवलेलं लाल फळ, एवढंच न्यायची प्रथा पाडली होती. पांढऱ्यावर लाल ठिपका, म्हणजे डब्यातच राष्ट्रध्वज! त्यागाचा धडा म्हणून सुरू झालेला हा डबा युद्ध संपेपर्यंत चैनीचा ठरला. धातूही युद्धासाठी गोळा होऊ लागला. देवळांच्या घंटा गेल्या, शाळांच्या आवारातले पुतळे गेले, शिबुया स्टेशनाबाहेरचा हाचिको कुत्र्याचा पुतळाही भट्टीत गेला. आज पर्यटक ज्याच्याशेजारी फोटो काढतात, तो 1948 चा.

‘तोत्तोचान’ मराठीत ज्यांनी वाचलंय, त्यांना रेल्वेच्या डब्यांतली ती शाळा 1945 च्या बॉम्बहल्ल्यात जळाल्याचं आठवत असेल. लेखिका तेत्सुको कुरोयानागी यांनी मुलाखतींत सांगितलेली एक आठवण मला त्याहून अस्वस्थ करते. स्टेशनवर सैनिकांना निरोप देताना झेंडा हलवला की भाजलेल्या सुक्या माकुळाचा तुकडा मिळायचा, म्हणून ती भुकेली पोर तिथे जायची. त्यातले किती सैनिक परत आले असतील, या विचाराने आपणही दोषी असल्याचं त्यांना पुढे वाटत राहिलं. माकूळ वाटणाऱ्यांपैकी कुणाला असं वाटलं का, कोण जाणे.

मुलांना युद्धात कसं ओढलं याचा सगळ्यात उघड दाखला टोकियोच्या उएनो प्राणिसंग्रहालयात मिळतो. ऑगस्ट 1943 मध्ये टोकियोचे प्रमुख प्रशासक ओदाची शिगेओ यांनी हुकूम काढला: हवाई हल्ल्यात पिंजरे फुटून हिंस्र जनावरं मोकाट सुटतील, सबब ती मारून टाका. तोवर टोकियोवर 1942 मधला अमेरिकन विमानांचा एकच छोटा हल्ला झाला होता. सिंह, अस्वलं, बिबटे यांना मारलं. हत्ती तीन होते: जॉन, टोंकी आणि हानाको. विष घातलेले बटाटे जॉनने ओळखले, इंजेक्शनच्या सुया कातडीत शिरेनात, तेव्हा त्यांना उपाशी ठेवायचं ठरलं. जॉन ऑगस्टअखेर गेला. टोंकी आणि हानाको मात्र माणूस दिसला की शिकवलेल्या कसरती करून खाणं मागत राहिल्या. 4 सप्टेंबरला मेलेल्या प्राण्यांसाठी जाहीर श्राद्धविधी झाला. बौद्ध भिक्षूंनी मंत्र म्हटले, शाळकरी मुलं ओळीने हात जोडून उभी राहिली. त्या वेळी दोघी हत्तिणी पडद्याआड जिवंत होत्या. हानाको 11 सप्टेंबरला मेली, टोंकी 23 ला.

टोंकीला सेंदाईच्या प्राणिसंग्रहालयात हलवायची तयारी झाली होती. ओदाचींनीच ती रोखली. युद्ध दाराशी आलंय हे लोकांच्या, त्यातही मुलांच्या, मनावर ठसवायचं हा खरा हेतू होता, असं अनेक अभ्यासक मानतात. मलाही तेच पटतं. नुसत्या सुरक्षिततेचा प्रश्न असता, तर सेंदाईने भागलं असतं.

नागोयाच्या हिगाशियामा प्राणिसंग्रहालयात मात्र संचालक किताओ एइइची यांच्या खटपटीने दोन हत्ती वाचले. 1949 मध्ये टोकियोच्या मुलांनी त्यातला एक मागितला. हत्ती एकमेकांना सोडेनात, म्हणून मुलांनाच खास गाड्यांनी नागोयाला नेलं. त्याच सुमाराला मुलांची पत्रं पंडित नेहरूंकडेही पोचली, आणि सप्टेंबर 1949 मध्ये म्हैसूरची एक हत्तीण उएनोत दाखल झाली. तिचं नाव इंदिरा. 1983 पर्यंत ती तिथेच होती.

युद्धाच्या शेवटच्या दोन वर्षांत मोठ्या मुलांचा अभ्यास बंदच पडला. तेरा-चौदा वर्षांच्या मुली कारखान्यांत हातकागदाचे थर चिकटवून प्रचंड फुगे बनवत. खळ असायची कोन्याकूची, आपल्या सुरणाच्या जातीच्या कंदाची. भूक अनावर झाली की मुली तीच खात. नोव्हेंबर 1944 ते एप्रिल 1945 या काळात असे नऊ हजारांवर फुगे बॉम्ब बांधून वाऱ्यावर अमेरिकेकडे सोडले. त्यातल्या एकामुळे 5 मे 1945 ला ओरेगॉनमधल्या ब्लाय गावाजवळ सहलीला आलेली पाच मुलं आणि एक गरोदर बाई मारली गेली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या मुख्य भूमीवर शत्रूच्या हल्ल्यात झालेले हे एवढेच मृत्यू. आपल्या फुग्यांनी काय केलं हे त्या जपानी मुलींना कित्येक वर्षांनी कळलं. त्यांच्यापैकी काही जणींनी 1987 मध्ये घड्या घातलेले हजार कागदी करकोचे ब्लायला पाठवले.

लहान मुलांना जून 1944 च्या निर्णयानुसार शहरांबाहेर हलवण्यात आलं. तिसरी ते सहावीची सुमारे चार लाख मुलं शिक्षकांबरोबर खेड्यांतल्या देवळांत आणि धर्मशाळावजा सरायांत राहिली. ओकिनावाची मुलं बोटीने निघाली. 22 ऑगस्ट 1944 च्या रात्री ‘त्सुशिमा मारू’ अमेरिकन पाणबुडीने बुडवली, तीत सुमारे 780 शाळकरी मुलं गेली. वाचलेल्यांना तोंड बंद ठेवण्याची ताकीद मिळाली. टोकियोची सहावीची मुलं मार्च 1945 च्या सुरुवातीला शाळा संपल्याच्या समारंभासाठी घरी परतू लागली होती. 10 मार्चच्या पहाटे बी-29 विमानांनी पूर्व टोकियो जाळलं. एका रात्रीत सुमारे एक लाख माणसं मेली, त्यांत ही मुलंही होती. खेड्यात मागे राहिलेली कित्येक जण वाचली, पण त्यांना न्यायला यायला घरचं कुणी उरलं नव्हतं.

जपानच्या शरणागतीनंतर त्याच शिक्षकांनी मुलांना पुस्तकातले युद्धाचे उतारे शाईने काळे करायला लावले. 1948 च्या सरकारी पाहणीत अनाथ मुलांचा आकडा 1,23,000 वर भरला. त्यातली कितीतरी उएनो स्टेशनच्या भुयारी मार्गात झोपत, बूटपॉलिश करत, चोऱ्या करत.

सैनिकांच्या कुटुंबांना पुढे सरकारी निवृत्तिवेतन मिळालं. हवाई हल्ल्यात आईबाप गमावलेल्या मुलांना नाही, कारण ती नागरिक होती. लढाई चालू असताना शिपाई, आणि भरपाईच्या वेळी नुसते नागरिक, हा सरळ सरळ अन्याय आहे. म्हातारपणी त्यांच्यातल्या काहींनी 2007 मध्ये टोकियोच्या न्यायालयात सरकारवर दावा लावला. 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला.