मधपेटीचा कोपरा आणि कोपरा-शिकंजा

कांद्याचे बियाणे किंवा सूर्यफूल घेणारे आपल्याकडचे काही जण मधपेटी ठेवायची म्हणतात. गावच्या सुताराकडून करून घेतली तर चांगलेच. अचलपूर तालुक्यातल्या एका भावाने अशीच पेटी मला दाखवली. लाकूड परतवाड्याहून आणलेले सागवान. "साहेब, पेटी तं मजबूत झाली, पण फ्रेमा अडकून रायल्या!" गुण्या लावून पाहिला, तर कोपरा काटकोनात नव्हता.

फ्रेम आणि पेटीची भिंत यांच्यामध्ये माशीला फिरायला वाट लागते. अमेरिकेतल्या लँगस्ट्रॉथ यांनी ही गोष्ट १८५१ साली हेरली. आपल्या सातेरी माशीला ही वाट साधारण ७ ते ८ मिलिमीटर पुरते. जास्त ठेवली तर माश्या तिथेच पोळे बांधतात, कमी पडली तर जाता येत नाही. आता हिशेब करा. ४० सेंटिमीटर फळीचा कोपरा एकच अंश चुकला, तर दुसऱ्या टोकाला ७ मिलिमीटरचा फरक पडतो. म्हणजे सगळी वाटच गेली!

यावर उपाय कोपरा-शिकंजा. दुकानात 'कॉर्नर क्लॅम्प' मागा. बिडाची किंवा ॲल्युमिनियमची बैठक असते, तिच्यावर काटकोनात दोन पक्क्या भिंती. दोन्ही फळ्या या भिंतींना आतून टेकवायच्या. त्यांच्या आतल्या कोनात सरकता जबडा बसतो, तोही काटकोनी. जबड्यामागे आटे पाडलेला दांडा. मूठ फिरवली की दांडा जबड्याला पुढे रेटतो आणि दोन्ही फळ्या एकाच वेळी आवळल्या जातात. हा दांडा ज्या नटातून जातो, तो नट खुंटीवर थोडा वळतो. म्हणून एक फळी जाड, दुसरी पातळ असली तरी जबडा आपोआप जुळवून घेतो. मला तर खरी करामत हीच वाटते. काहींना मात्र दोन वेगळे दांडे असतात, प्रत्येक फळीला एक.

विकत घेण्याआधी भिंतींना गुण्या लावून पाहाच. स्वस्तातला शिकंजाच तिरपा निघाला तर काय उपयोग? मूठ फार आवळू नका, फेविकॉल सगळा बाहेर येतो. तो वाळायच्या आत दोरीने पेटीचे दोन्ही कर्ण मोजा. सारखे भरले तरच स्क्रू मारा.

शिकंजा नसेल तर जाड पाटावर दोन पट्ट्या काटकोनात ठोका, फळ्या त्यांना टेकवा आणि आतून लाकडी पाचर मारा. पाचर दांड्याचेच काम करते.