शाईविना सही

म्हैसूर हे शाईचे गाव होय. मतदाराच्या बोटास लावावयाची न पुसणारी शाई १९६२ सालच्या निवडणुकीपासून येथील सरकारी कारखान्यात तयार होत आली आहे. परंतु त्याच जिल्ह्यातील शेतकरी आज आपल्या जमिनीचा जो उतारा इंटरनेटवरून मिळवितो, त्यावरील सहीस शाईचा एक थेंबही लागत नाही. ह्या उताऱ्यास तेथे ‘पहाणी’ म्हणतात. महाराष्ट्रातील सातबाऱ्यासारखाच तो होय. पूर्वी तो हाताने लिहिला जाई, व त्यातील एखादा आकडा कोणी मागाहून बदलला तर शेतकऱ्यास कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागत. कर्नाटक सरकारने ‘भूमी’ योजनेखाली अशा सुमारे दोन कोटी नोंदी संगणकावर आणल्या आणि हस्तलिखित उताऱ्यांचा जमाना संपला.

शाई नाही, हाताचे वळणही नाही. मग ही सही कायद्याच्या कसोटीस उतरते कशी?

सही दोन गोष्टी सांगते : लिहून देणारा कोण, आणि मजकूर त्यास मान्य आहे. मात्र मजकुरात पुढे कोणी फेरफार केल्यास हातची सही त्यास अडवू शकत नाही. ही उणीव भरून काढणारी कल्पना डिफी व हेलमन यांनी १९७६ साली मांडली, व पुढच्याच वर्षी रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांनी तिचे गणित सिद्ध केले. हीत प्रत्येकाजवळ अंकांच्या दोन किल्ल्या असतात. एक गुप्त, दुसरी सर्वांस ठाऊक. संगणक प्रथम मजकुरापासून एक लहानसा अंक काढतो. समजा, ‘२ एकर’ च्या जागी कोणी ‘३ एकर’ केले, तर हा अंक पार बदलून जातो. अधिकारी आपली गुप्त किल्ली ह्या अंकास लावतो. हीच त्याची सही. उघड किल्लीने ती कोणासही पडताळून पाहता येते.

आता ही किल्ली त्या अधिकाऱ्याचीच कशावरून? याची हमी परवानाधारक प्रमाणन प्राधिकारी देतो. १७ ऑक्टोबर २००० रोजी अमलात आलेल्या माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ५ अन्वये अशा सहीस हातच्या सहीइतकेच बळ मिळाले. युरोपीय संघातही १ जुलै २०१६ पासून लागू झालेला नियम सर्वोच्च दर्जाच्या इलेक्ट्रॉनिक सहीस हातच्या सहीच्या पंक्तीस बसवितो.

तथापि कायद्याने काही दस्तऐवज बाजूस ठेवले आहेत. मृत्युपत्र हे त्यांतील मुख्य. त्यास आजही हातची सही वा अंगठा, व किमान दोन साक्षीदार लागतात. स्थावर मालमत्तेच्या विक्रीचा करार ह्याच यादीत होता, तो २०२२ साली वगळण्यात आला.

वाचकांनी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली, ही सही कागदावर नसून मूळ संगणकीय प्रतीत असते. सहीचे चित्र मजकुराखाली चिकटविल्याने ती होत नाही. म्हणून छापील उतारा हाती आला तर त्यावरील क्रमांकावरून सरकारी नोंदीशी तो ताडून पाहणे इष्ट. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. आपली गुप्त किल्ली कारकुनाच्या वा दलालाच्या हवाली करणे म्हणजे कोऱ्या कागदावर सही करून देण्यासारखेच आहे. कलम ४२ प्रमाणे किल्ली सांभाळण्याची जबाबदारी धारकाची आहे. ती दुसऱ्याच्या हाती गेल्यास प्रमाणन प्राधिकाऱ्यास कळवीपर्यंत दायित्व त्याच्याच माथी राहते.

शाईची सही पुष्कळ सरावाने वठविता येते, गणिताची तशी वठविता येत नाही. पण ज्याच्या हाती किल्ली, त्याची ती सही! आकड्यांच्या राखणीचे काम यंत्राने पत्करले आहे. किल्लीची राखण मात्र माणसासच करावयाची आहे.