उन्हांतील न दिसणारे किरण

सूर्यावांचून पीक नाहीं, पाऊस नाहीं, जीवनच नाहीं. हें विद्यार्थ्यांस नव्यानें सांगावयास नको. परंतु ऊन म्हणजे केवळ प्रकाश व उष्णता, हा आपला समज मात्र अपुरा आहे. इ. स. १८०१ मध्यें रिटर नांवाच्या जर्मन शास्त्रज्ञानें लोलकांतून सूर्यप्रकाशाचे सात रंग पाडून त्यांत सिल्व्हर क्लोराइड लाविलेला कागद धरिला. जांभळ्या रंगाच्या पलीकडे, जेथें डोळ्यांस कांहींच दिसत नव्हतें, तेथेंच तो सर्वांत लवकर काळा पडला. या अदृश्य किरणांस जंबुपार अथवा अतिनील किरण म्हणतात.

यांपैकीं अतिशय घातक किरण वातावरणांतील ओझोन वायु अडवितो. परंतु कांहीं भूमीपर्यंत येतातच. ते त्वचेच्या पेशींत शिरून डी.एन.ए. या आनुवंशिक द्रव्याची घडण बिघडवितात. शरीर ही मोडतोड बहुतेक दुरुस्त करितें. पण वर्षानुवर्षें घाव पडत राहिले, तर एखादा दोष तसाच राहतो व त्या पेशी मर्यादा सोडून वाढूं लागतात. हाच त्वचेचा कर्करोग होय.

यांत फसगत अशी कीं, ऊन चटकतें तें उष्णतेनें. जंबुपार किरणांचा स्पर्श मुळींच कळत नाहीं. पातळ ढगांतूनही ते येतात, आणि दर १००० मीटर उंचीस सुमारें १० टक्क्यांनीं वाढतात. म्हणून महाबळेश्वरच्या गार वाऱ्यांत निर्धास्त होणें योग्य नव्हे.

देवानें आमच्या सांवळ्या कातडींत मेलॅनिन नांवाचें रंगद्रव्य ठेविलें आहे. तें या किरणांस पुष्कळसें शोषून घेतें. ज्या रंगाची कित्येक मुलें उगीच खंत करितात, तीच त्यांची जन्माची छत्री होय! ऑस्ट्रेलियांत मंद उन्हाच्या देशांतून गेलेल्या गोऱ्या लोकांस ही छत्री नसल्यानें तेथें हा रोग फार आढळतो.

आपल्यांतही कांहीं मुलें जन्मतःच या रंगद्रव्यावांचून असतात. पुष्कळ वर्षांपूर्वीं अशा एका विद्यार्थ्यास आम्हीं कवायतींतून सूट नाकारली व इतरांबरोबर उन्हांत उभें केलें. त्यास सावली देणें हा लाड नव्हता, ती त्याची गरज होती, हें आम्हांस मागाहून कळलें. आणि आजही त्या गोष्टीची लाज वाटते.

तेव्हां ऊन टाळूं नये. हाडांस लागणारें ड जीवनसत्त्व त्यानेंच अंगीं तयार होतें. मात्र भर दुपारीं सावली, लांब बाह्यांचा सदरा व रुंद कांठाची टोपी किंवा छत्री यांचा आश्रय करावा. बरें न होणारें क्षत किंवा आकार व रंग पालटणारा तीळ दिसल्यास वैद्यास दाखवावा. तळवे व नखें हींही पाहावीं, कारण सांवळ्या माणसांत हा रोग उन्हावांचूनही तेथें उद्भवतो. आणि वर्गांतील एखादा सोबती सावलींत बसला, तर त्यास हसण्याऐवजीं त्याच्याजवळ जाऊन बसावें, एवढेंच आमचें सांगणें आहे.