पनामातले मुसलमान: कालवा, कायदा आणि मुलांची भाषा

उत्तर आणि दक्षिण अमेरिकेला जोडणारी जमिनीची एक अरुंद पट्टी नकाशात दिसते. तिच्या अगदी शेवटी, कोलंबियाला लागून, पनामा हा देश आहे. क्षेत्रफळ साधारण ७५ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या चौथ्या हिश्श्याएवढं. लोकसंख्या ४० लाखांच्या थोडी वर. बहुतेक लोक ख्रिस्ती, त्यातही कॅथलिक जास्त. भाषा स्पॅनिश.

अशा देशात मुसलमान किती असतील? धर्माची सरकारी मोजणी तिथे होत नाही, पण अंदाज १४ हजारांच्या आसपासचा आहे. म्हणजे हजार माणसांत तीन-चार. आपल्याकडे एखाद्या तालुक्याच्या गावात याहून जास्त मुस्लिम वस्ती असते. तरीही ही छोटी जमात समजून घेण्यासारखी आहे. एक तर तिच्यात भारतातून, विशेषतः गुजरातमधून गेलेली बरीच कुटुंबं आहेत. आणि दुसरं म्हणजे, थोडक्या लोकांनी परक्या मुलखात दीन कसा टिकवायचा, हा प्रश्न त्यांच्यापुढे रोजचा आहे.

बायानो: गुलामीविरुद्ध लढलेला सरदार

स्पेनच्या राजवटीने मुसलमानांना अमेरिकेतल्या वसाहतींमध्ये जायला बंदी घातली होती. १४९२ मध्ये ग्रनाडा पडलं, स्पेनमधली मुस्लिम सत्ता संपली आणि त्याच वर्षी कोलंबस अमेरिकेला पोहोचला. नव्या मुलखात इस्लाम जाऊ नये, याची काळजी राज्यकर्ते घेत होते. पण पश्चिम आफ्रिकेतून गुलाम म्हणून पकडून आणलेल्या माणसांमध्ये मुसलमानही होते.

१५५० च्या दशकात पनामात बायानो नावाच्या आफ्रिकन सरदाराने मोठं बंड केलं. पळून आलेल्या गुलामांना घेऊन तो जंगलात राहिला आणि स्पॅनिश फौजेला त्याने कित्येक वर्षं दाद दिली नाही. शेवटी पेद्रो दे उर्सुआ या सेनानीने तहाचं नाटक करून त्याला पकडलं आणि देशाबाहेर पाठवलं. बायानो मुसलमान होता असं बरेच जण सांगतात, काही इतिहासकारांना ते पटत नाही. त्याचं नाव मात्र पुसलं गेलं नाही. पनामात आजही बायानो नदी आहे, आणि तिच्यावर धरण बांधल्यावर तयार झालेला जलाशयही बायानोच्याच नावाचा आहे.

त्या आफ्रिकन मुसलमानांचा दीन पुढच्या पिढ्यांपर्यंत पोहोचला नाही. मशीद नाही, मदरसा नाही, कुटुंबं तोडलेली, भाषा हिरावलेली. अशा हालतीत दीन टिकणार तरी कसा?

कालवा आला, व्यापारी आले

आजची जमात विसाव्या शतकातली आहे. १९०३ मध्ये पनामा कोलंबियापासून वेगळा झाला. १९०४ मध्ये अमेरिकेने कालव्याचं काम हाती घेतलं आणि १५ ऑगस्ट १९१४ रोजी कालवा जहाजांसाठी खुला झाला. अटलांटिक आणि पॅसिफिक असे दोन महासागर जोडले गेले. कालवा खोदणारे मजूर प्रामुख्याने कॅरिबियन बेटांवरचे होते. पण जिथे जहाजं थांबतात तिथे बाजार भरतो, आणि बाजाराच्या मागे व्यापारी येतात.

हिंदुस्थानातून आणि लेबनॉनच्या बाजूने मुसलमान येऊ लागले ते याच काळात. सुरुवातीला एकटे पुरुष. कोणी तिथेच लग्न केलं, कोणी पैसे साठवून परत गेलं, कोणी भावाला, पुतण्याला बोलावून घेतलं. १९४८ मध्ये कोलोन बंदरात करमुक्त व्यापार क्षेत्र सुरू झालं. पुढे लेबनीज आणि पॅलेस्टिनी व्यापाऱ्यांनी तिथे चांगला जम बसवला. आज पनामा सिटी आणि कोलोन ही मुसलमानांची मुख्य ठिकाणं आहेत. पश्चिमेकडच्या डेव्हिड शहरातही छोटी वस्ती आहे. राजधानीतली जामा मशीद १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला उभी राहिली. म्हणजे पहिले व्यापारी आले तिथून मोजलं, तर सत्तरएक वर्षांनी.

१९४१ ची राज्यघटना

मधल्या काळातली एक गोष्ट मात्र विसरता येणार नाही. १९४१ मध्ये राष्ट्राध्यक्ष अर्नुल्फो आरियास यांनी नवी राज्यघटना आणली. तिच्यात काही वंशांच्या लोकांना देशात यायला सरळ बंदी केली होती: ज्यांची मूळ भाषा स्पॅनिश नाही असे कृष्णवर्णीय, चिनी वगैरे पूर्व आशियाई, आणि भारत, पश्चिम आशिया व उत्तर आफ्रिका इथल्या वंशांचे लोक. एवढंच नाही, तर या लोकांच्या पनामातच जन्मलेल्या मुलांच्या नागरिकत्वावरही गदा आली.

नीट पाहा, या यादीत धर्माचं नाव कुठेच नाही. गुजराती मुसलमान, सिंधी हिंदू, अरब ख्रिस्ती, जमैकाचा मजूर, चिनी दुकानदार, सगळे एकाच यादीत. दुकान होतं, घर होतं, मुलं तिथल्या शाळेत जात होती, पण कागदावर माणूस परका ठरला.

आरियास यांची सत्ता त्याच वर्षी गेली. १९४६ मध्ये नवी राज्यघटना आली आणि ती वंशबंदी उठली. म्हणजे अन्याय कायद्याने झाला आणि तो दूरही कायद्यानेच झाला. अल्पसंख्याकांसाठी कायद्याचं पुस्तक किती महत्त्वाचं असतं, हे आपल्या मुलांना समजवायचं तर हे उदाहरण जरूर सांगावं.

आजचा कायदा आणि शाळा

पनामाची सध्याची राज्यघटना १९७२ ची आहे, पुढे तिच्यात दुरुस्त्या झाल्या. तिच्यात बहुसंख्य लोकांचा धर्म कॅथलिक असल्याचं नमूद आहे. पण ख्रिस्ती नीतिमूल्यांचा आणि सार्वजनिक सुव्यवस्थेचा मान राखून प्रत्येकाला आपला धर्म पाळता येतो, असंही म्हटलं आहे. सरकारी शाळांत कॅथलिक धर्म शिकवला जातो. मात्र आई-वडिलांनी सांगितलं, तर त्यांच्या मुलाला त्या तासाला बसायची सक्ती करता येत नाही.

शिक्षक म्हणून मला ही तरतूद विचार करायला लावते. हक्क आहे, पण तो आपोआप मिळत नाही. पालकाने शाळेत जाऊन तो मागावा लागतो. जो पालक शाळेची पायरी चढत नाही, ज्याला नियम माहीत नाही, त्याच्या मुलाला त्या हक्काचा काय उपयोग? आणि मूल त्या तासाला बाहेर बसलं, तर त्याला स्वतःचा दीन कोण, कधी आणि कोणत्या भाषेत शिकवणार?

किबला पूर्वेकडे

आपण महाराष्ट्रात पश्चिमेकडे तोंड करून नमाज पढतो. पनामात किबला ईशान्य आणि पूर्व यांच्या मधोमध येतो. घड्याळ आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे. आपल्याकडे पहाटेचे साडेपाच वाजतात, तेव्हा तिथे आदल्या दिवशीचे संध्याकाळचे सात वाजलेले असतात. देश विषुववृत्ताजवळ असल्याने दिवसाची लांबी वर्षभरात जेमतेम तासाभराने बदलते. त्यामुळे रमजान कोणत्याही महिन्यात आला, तरी रोजा साधारण तेरा-चौदा तासांचाच असतो.

प्रश्न भाषेचा

पहिली पिढी घरात गुजराती, उर्दू किंवा अरबी बोलायची. नातवंडांची भाषा मात्र स्पॅनिश आहे. खेळ स्पॅनिशमध्ये, अभ्यास स्पॅनिशमध्ये, भांडणसुद्धा स्पॅनिशमध्ये. अशा मुलाला दीन फक्त आजोबांच्या भाषेत सांगितला, तर तो आजोबांची आठवण म्हणून उरेल, मुलाचा स्वतःचा होणार नाही. शिवाय लग्नामुळे किंवा स्वतःच्या शोधातून इस्लाम स्वीकारणारे स्थानिक लोक असतात. त्यांना गुजराती-उर्दू कशी कळावी?

खरं तर स्पॅनिश इस्लामला परकी नाही. ७११ पासून जवळजवळ आठशे वर्षं स्पेनच्या कुठल्या ना कुठल्या भागात मुस्लिम सत्ता होती. त्या काळातले हजारो अरबी शब्द या भाषेत राहून गेले. साखरेला स्पॅनिशमध्ये ‘असूकार’ म्हणतात, तो अरबी ‘अस्-सुक्कर’. तांदळाला ‘आर्रोस’, तो ‘अर्-रुज्ज’. आणि ‘असं होवो’ या अर्थाने पनामातला माणूस सहज ‘ओखाला’ म्हणून जातो, त्यात चक्क ‘अल्लाह’ हा शब्द दडलेला आहे. बोलणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो.

कुरआनची तिलावत अरबीतच होणार, त्याला पर्याय नाही. बुजुर्गांची उर्दू किंवा गुजराती घरात जपली तर ती दौलतच आहे. पण समजावून सांगायची भाषा ती, ज्या भाषेत मूल विचार करतं. पनामात ती स्पॅनिश आहे, आपल्याकडे कितीतरी घरांत ती मराठी आहे. आज रात्री जेवताना मुलांना एवढंच विचारून पाहा: रोज म्हणता त्या दुआचा अर्थ काय? उत्तर ज्या भाषेत येईल, त्याच भाषेत पुढचा धडा सुरू करा.