फुटबॉल मैदानांची पुनर्बांधणी : संघ आणि प्रेक्षक यांवरील परिणाम
(मुंबई, कोल्हापूर व गोवा यांच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

क्रीडासंकुल उभे राहिले की खेळ आपोआप वाढतो, अशी एक सर्वसाधारण धारणा आपल्याकडे आढळते. २००१ च्या राज्य क्रीडा धोरणानंतर महाराष्ट्रात विभाग, जिल्हा व तालुका पातळीवर क्रीडासंकुले उभारण्याच्या योजनेला चालना मिळाली. त्यामुळे चिपळूण तालुक्यातील अलोऱ्यासारख्या, कोयना प्रकल्पाच्या वसाहतीमुळे वाढलेल्या गावातही 'मैदान कसे असावे' हा प्रश्न आता केवळ महानगरांचा राहिलेला नाही. मैदानाच्या बांधकामाची चर्चा मात्र बहुधा आसनसंख्या, हिरवळ, प्रकाशझोत आणि खर्च यांपुरतीच मर्यादित राहते. त्या मैदानावर खेळणाऱ्या संघाचे आणि तेथे येणाऱ्या प्रेक्षकाचे पुढे काय होते, याचा विचार क्वचितच केला जातो.

प्रस्तुत लेखात नव्या अथवा पुनर्बांधणी केलेल्या फुटबॉल मैदानांचा संघांवर व प्रेक्षकांवर होणारा परिणाम तपासण्याचा प्रयत्न केला आहे. मैदानाचे खरे भांडवल म्हणजे प्रेक्षकाची तेथे येण्याची सवय होय. पुनर्बांधणी ही सवय जपते की मोडते, यावर तिचे यशापयश ठरते, असे प्रतिपादन येथे केले आहे.

जागतिक पार्श्वभूमी

मैदानांच्या आधुनिक पुनर्बांधणीचा इतिहास एका दुर्घटनेपासून सुरू होतो. १५ एप्रिल १९८९ रोजी इंग्लंडमधील शेफिल्ड येथील हिल्सबरो मैदानावर चेंगराचेंगरी झाली आणि तीत अंतिमतः ९७ जणांचा बळी गेला. त्यानंतर १९९० मध्ये आलेल्या टेलर अहवालाने मोठ्या मैदानांवर उभ्याने सामना पाहण्याची पद्धत बंद करून प्रत्येकास आसन देण्याची शिफारस केली. त्यामुळे मैदाने सुरक्षित झाली. त्याचबरोबर तिकिटांचे दर वाढले आणि कामगारवर्गातील जुना प्रेक्षक हळूहळू दूर गेला, अशी टीकाही झाली.

पुढील काळातील दोन उदाहरणे बोलकी आहेत. आर्सेनल हा संघ २००६ मध्ये सुमारे ३८ हजार क्षमतेचे हायबरी मैदान सोडून सुमारे ६० हजार क्षमतेच्या एमिरेट्स मैदानात गेला. हे अंतर चालत जाण्याजोगे असल्याने प्रेक्षकांची वाट फारशी बदलली नाही. बांधकामाच्या कर्जामुळे संघाला कित्येक वर्षे महत्त्वाचे खेळाडू विकावे लागले, तरीही प्रेक्षक टिकून राहिले. याउलट वेस्ट हॅम युनायटेड २०१६ मध्ये ऑलिम्पिकसाठी बांधलेल्या सार्वजनिक मालकीच्या मैदानात भाडेकरू म्हणून गेला. तेथे गॅलरी व खेळपट्टी यांत मोठे अंतर होते आणि जुना मोहल्लाही मागे राहिला. मार्च २०१८ मधील एका सामन्यात संतप्त समर्थक थेट मैदानात उतरले. आसने वाढूनही आपलेपणा घटू शकतो, हे यावरून दिसून येते.

मुंबई : कूपरेजचा अनुभव

दक्षिण मुंबईतील कूपरेज हे पश्चिम भारतातील फुटबॉलचे ऐतिहासिक केंद्र होय. १८९१ मध्ये सुरू झालेल्या रोव्हर्स चषकाचे सामने येथे अनेक दशके रंगले. आरंभी ब्रिटिश लष्करी संघांचे वर्चस्व असलेला हा चषक १९३७ मध्ये बंगलोर मुस्लिम्स या भारतीय संघाने प्रथमच जिंकला. १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे तो हैदराबाद सिटी पोलीस संघाकडे राहिला. २०००-०१ नंतर ही स्पर्धा खंडित झाली.

कूपरेजच्या गर्दीमागे एक साधे शहरी गणित होते. मुंबईतील बहुतेक प्रमुख संघ रेल्वे, बँका, गिरण्या व कंपन्या यांचे होते. त्यांतील खेळाडू आणि प्रेक्षक या दोघांचीही कार्यालये बरीचशी दक्षिण मुंबईतच होती. कार्यालय सुटल्यावर चालत मैदानावर यावे, सामना पाहावा आणि चर्चगेटहून लोकल पकडून घरी जावे, असा तो क्रम होता. म्हणजे प्रेक्षक मैदानापर्यंत मुद्दाम येत नव्हता. मैदान त्याच्या रोजच्या वाटेवर होते.

पुढे गिरण्या बंद पडल्या आणि कंपन्यांनी क्रीडाविभागावरील खर्च आखडता घेतला. २००५-०६ चा राष्ट्रीय फुटबॉल लीगचा विजेता महिंद्रा युनायटेड २०१० मध्ये बंद झाला. एअर इंडियाचा संघ २०१३ मध्ये परवान्याचे निकष पूर्ण न केल्याने आय-लीगबाहेर गेला. याच सुमारास कूपरेजचे नूतनीकरण व तेथे कृत्रिम हिरवळ घालण्याचे काम झाले. या काळात २००७ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई एफसी या संघाला आपले 'घरचे' सामने काही हंगाम सुमारे दीडशे किलोमीटर दूर असलेल्या पुण्याच्या बालेवाडी संकुलात खेळावे लागले. नोकरी करणाऱ्या प्रेक्षकाला आठवड्याच्या मधल्या दिवशी तेथे जाणे जवळजवळ अशक्यच होते. नंतर संघ कूपरेजवर परतला, परंतु २०१६-१७ च्या हंगामात आय-लीगमधून त्याची घसरण झाली आणि २०१७ मध्ये तो बंद पडला. यास केवळ मैदान कारणीभूत होते असे म्हणता येणार नाही. तथापि नव्या संघाला प्रेक्षक जोडण्यासाठी जी पहिली वर्षे मिळतात, त्यांतील काही त्याने परगावी घालवली, हे नाकारता येत नाही.

मुंबई : नेरूळ आणि अंधेरी

२०१४ मध्ये इंडियन सुपर लीग सुरू झाली तेव्हा मुंबई सिटी एफसी या संघाने नेरूळचे डी. वाय. पाटील मैदान निवडले. क्रिकेटसाठी बांधलेल्या या भव्य मैदानात प्रेक्षक खेळापासून दूर बसतो. २०१६ मध्ये संघ अंधेरीच्या शहाजीराजे भोसले क्रीडासंकुलातील नूतनीकृत मैदानात आला. येथील आसने कमी, पण मैदानाच्या अगदी लगत आहेत. शिवाय मेट्रोचे आझादनगर स्थानकही जवळच आहे. ३ सप्टेंबर २०१६ रोजी येथे भारताने पोर्तो रिकोचा ४-१ असा पराभव केला. १९५५ नंतर मुंबईत झालेला भारताचा हा पहिलाच आंतरराष्ट्रीय सामना होता.

याच मैदानावर जून २०१८ मध्ये घडलेला प्रसंग प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे. १ जून रोजी भारताने चिनी तैपेईला ५-० असे हरविले, तेव्हा केवळ २,५६९ प्रेक्षक उपस्थित होते. दुसऱ्या दिवशी कर्णधार सुनील छेत्री याने चित्रफितीद्वारे लोकांना मैदानावर येण्याचे कळकळीचे आवाहन केले. ४ जूनच्या केनियाविरुद्धच्या सामन्याची, म्हणजे छेत्रीच्या शंभराव्या आंतरराष्ट्रीय सामन्याची, सर्व तिकिटे संपली आणि भर पावसात गॅलऱ्या भरल्या. मैदान तेच होते, आसनेही तीच होती. बदलले होते ते प्रेक्षकाला मिळालेले आमंत्रण.

लहान मैदानाची मर्यादाही लक्षात घेतली पाहिजे. आशियाई महासंघाच्या निकषांत अंधेरीचे मैदान न बसल्यामुळे २०२३ मधील आशियाई चॅम्पियन्स लीगचे 'घरचे' सामने मुंबई सिटीला पुण्यात घ्यावे लागले. केवळ अल हिलालविरुद्धचा सामना ६ नोव्हेंबर रोजी नेरूळला झाला आणि त्यास सुमारे ३० हजार प्रेक्षक लोटले. नित्याच्या सामन्यांसाठी जवळचे लहान मैदान आणि प्रसंगोपात्त मोठे मैदान, अशी दुहेरी गरज येथे स्पष्ट होते.

कोल्हापूर : पेठ, तालीम आणि शाहू स्टेडियम

कोल्हापूरचे चित्र सर्वस्वी वेगळे आहे. राजर्षी शाहू महाराजांच्या काळात कुस्तीला राजाश्रय लाभला आणि पेठापेठांतील तालमी सामाजिक जीवनाची केंद्रे बनल्या. पुढे याच तालमींनी फुटबॉल आपलासा केला. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल ही तालीम मंडळे, तसेच प्रॅक्टिस क्लब, शिवाजी तरुण मंडळ, फुलेवाडी क्रीडा मंडळ हे येथील नामांकित संघ होत. त्यांचे सामने कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या शाहू स्टेडियमवर होतात.

येथे संघाचे घर पेठेत आहे, तर स्टेडियम ही सर्वांची सामाईक रणभूमी आहे. त्यामुळे पावसाळ्यात मैदान विश्रांती घेते तेव्हाही संघ बेघर होत नाही. प्रेक्षक पेठेतून उठून पायी किंवा दुचाकीवर मैदानात पोहोचतो आणि सामन्यानंतर त्याची चर्चा पुन्हा पेठेतच रंगते. सतरा वर्षांखालील विश्वचषकात २०१७ मध्ये भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच शहरातला होय.

या व्यवस्थेतही दोष आहेत. समर्थकांमधील ईर्ष्या विकोपाला जाऊन हाणामारीचे प्रसंग घडले आहेत, आणि एकाच मैदानावर संपूर्ण हंगामाचा भार पडतो. उद्या या स्टेडियमची पुनर्बांधणी करावयाची झाल्यास ती टप्प्याटप्प्याने न केल्यास साऱ्या शहराचा हंगाम थांबेल. सुरक्षित प्रवेशद्वारे, महिलांसाठी सोयी व स्वच्छतागृहे यांची गरज कोणी नाकारणार नाही. परंतु ती भागवताना पेठकऱ्याच्या खिशाला न परवडणारे तिकीट आले, तर हिल्सबरोनंतरच्या इंग्लंडचा अनुभव येथेही येऊ शकतो.

गोवा : मैदान वाढले, संघ आक्रसले

मडगावचे फातोर्डा मैदान १९८९ मध्ये सुरू झाले. २०१४ ची लुसोफोनिया स्पर्धा व २०१७ चा सतरा वर्षांखालील विश्वचषक यांनिमित्त त्याचा दर्जा उंचावत गेला. याच काळात, २०१६ मध्ये, राष्ट्रीय स्पर्धेतील बदललेल्या धोरणाच्या निषेधार्थ डेम्पो, साळगावकर व स्पोर्टिंग क्लब द गोवा हे संघ आय-लीगमधून बाहेर पडले. पाच वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळविणाऱ्या डेम्पोला त्या स्पर्धेत परतण्यास २०२४-२५ चा हंगाम उजाडला. मैदानाचा दर्जा वाढणे आणि स्थानिक संघांची वाढ होणे या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत, हे यावरून दिसते.

याच फातोर्ड्यावर १३ मार्च २०२१ रोजी मुंबई सिटीने प्रथमच सुपर लीगचे विजेतेपद मिळविले, परंतु करोनाच्या निर्बंधांमुळे गॅलरीत एकही प्रेक्षक नव्हता. संघाच्या इतिहासातील तो सर्वांत मोठा दिवस त्याच्या समर्थकांना दूरचित्रवाणीवरच पाहावा लागला.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. मैदानाचे स्थान हे आसनसंख्येपेक्षा महत्त्वाचे असते. प्रेक्षकाच्या रोजच्या वाटेवरील लहान मैदान दूरच्या भव्य मैदानापेक्षा अधिक नियमितपणे भरते.

२. पुनर्बांधणीचा काळ हा संघासाठी सर्वांत धोक्याचा असतो. या काळातील पर्यायी मैदान त्याच शहरात असणे आवश्यक आहे.

३. ज्या संघाची मुळे वस्तीत आहेत तो मैदानाविना काही काळ तग धरतो. जो केवळ मैदान किंवा कंपनी यांवर उभा आहे, तो लवकर कोसळतो.

४. सुरक्षितता व सोयी अपरिहार्य आहेत. मात्र त्यांचा भार तिकिटावर टाकल्यास जुना प्रेक्षक बाहेर फेकला जातो.

५. उत्तम मैदान स्थानिक संघाची जागा घेऊ शकत नाही. स्पर्धेची रचना संघांना सामावून घेणारी नसेल, तर मैदान सजते आणि संघ मात्र मैदानाबाहेर राहतो.

समारोप

कुंभार्ली घाट चढून कऱ्हाडमार्गे कोल्हापूरला जाणाऱ्या अलोरे परिसरातील विद्यार्थ्यास शाहू स्टेडियमवरील गर्दी पाहून आपल्याकडेही असे स्टेडियम असावे, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु त्या गर्दीच्या आधी तालीम आहे, तालमीच्या आधी पेठ आहे. कोकणात अशा पेठा नसल्या तरी वाड्या आहेत, मंडळे आहेत, शाळा व महाविद्यालये आहेत. तालुका पातळीवरील मैदानाचा आराखडा करताना तेथे दर आठवड्याला कोणते संघ खेळतील, ते सामने कोणत्या वेळी होतील आणि शेवटची एस. टी. गाठून प्रेक्षक घरी पोहोचेल का, हे प्रश्न अगोदर विचारले गेले पाहिजेत. महाविद्यालयांच्या क्रीडाविभागांनी आंतरवाडी व आंतरमहाविद्यालयीन सामन्यांचा नियमित हंगाम आधी सुरू केल्यास मैदान मागाहून येऊनही भरेल. असा हंगाम नसेल, तर कुलूप लावलेल्या फाटकामागे गवत तेवढे वाढेल.